मुठेच्या काठावरची बातमी: डिजिटल पत्रकारितेच्या प्रात्यक्षिकांच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै

पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गासाठीच्या डिजिटल प्रात्यक्षिकांना आज सुरुवात झाली. दर आठवड्याला एक नवे ॲप शिकवायचे आणि त्यावर एक सुटी कृती करून घ्यायची, ही प्रचलित मांडणी बाजूला ठेवून संपूर्ण सत्रासाठी एकच विषय घेण्याचे ठरले आहे: खडकवासला धरणसाखळी, तिच्यातून मुठा नदीपात्रात सोडला जाणारा विसर्ग आणि नदीकाठच्या सखल भागातील वस्ती. पावसाळ्यात या विषयावर पुण्यात रोज काही ना काही प्रसिद्ध होते, त्यातले बरेचसे मोबाइलवरून मोबाइलवर फिरते, आणि ते तपासण्यासाठी लागणारी ठिकाणे, कागद आणि माणसे पीएमपीच्या बसने गाठता येतील इतकी जवळ आहेत.

प्रकल्पाचा नियम एकच आहे. प्रत्येक बातमीसोबत पडताळणीची वही द्यायची. वही म्हणजे गटातील सर्वांना पाहता येईल असा एक ऑनलाइन तक्ता. बातमीतील प्रत्येक तथ्यविधानासाठी एक ओळ, आणि त्या ओळीत ते विधान कोठून मिळाले, केव्हा मिळाले, कोणी स्वतः पाहिले, दुसरा स्वतंत्र आधार कोणता आणि कोणती बाजू अजून तपासायची राहिली आहे, याची नोंद. वहीशिवाय आलेली बातमी संपादनासाठी घेतली जाणार नाही.

एका विद्यार्थिनीने विचारले की नोकरीच्या मुलाखतीत रील बनवता येते का असे विचारतात, मग व्हिडिओ संपादन आधी का नाही. तिची काळजी खरी आहे आणि व्हिडिओ संपादन महिन्याच्या अखेरीस होणारच आहे. मात्र संपादनाची ॲपे दोन-तीन वर्षांत बदलतात, काहींवर तर एका आदेशाने बंदीही येते. एखादी गोष्ट आपल्याला कशी कळली हे दाखवता येण्याची सवय पुढच्या प्रत्येक नोकरीत लागते. म्हणून ती आधी.

९ जुलै

आजचा संपूर्ण वर्ग आकड्यांवर गेला आणि तो जाऊ देणे योग्यच होते. सर्वांना सकाळची वृत्तपत्रे आणि विसर्गाचे फिरते संदेश वाचायला दिले आणि क्युसेक म्हणजे काय, टीएमसी म्हणजे काय, हे लिहून काढायला सांगितले. अनेकांनी दोन्ही पाण्याची ‘मापे’ आहेत असे लिहिले. क्युसेक हा प्रवाहाचा दर आहे, म्हणजे एका सेकंदाला जाणारे घनफूट. टीएमसी हा साठा आहे, म्हणजे १०० कोटी घनफूट. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करायचे तर मध्ये वेळ आणावीच लागते.

फळ्यावर हिशेब मांडला. उदाहरणादाखल ३५,००० क्युसेक विसर्ग धरला, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सुमारे ३.०२ टीएमसी पाणी नदीत जाते. खडकवासला धरणाची उपयुक्त क्षमता १.९७ टीएमसी आहे. म्हणजे वरून काहीच येवा नसेल, तर या वेगाने भरलेले धरण सोळा तासांच्या आत रिकामे होईल. हा आकडा समोर आल्यावर वर्गाला धरणसाखळीची रचना उमगली: पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि सर्वांत खाली हे लहानसे खडकवासला. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी आणि मधल्या मुक्त पाणलोटातले पाणी याच धरणात येते. ते साठवून ठेवायला जागा फारशी नाही, म्हणून निर्णय तासातासाला बदलतात आणि म्हणूनच विसर्गाच्या बातमीत आकड्याइतकीच त्याची वेळ महत्त्वाची ठरते. ‘विसर्ग वाढवला’ एवढ्या मथळ्यातून काठावर राहणाऱ्या माणसाला काहीही कळत नाही. किती वाजता, कितीवरून किती, हे लिहिले तर त्याला दुचाकी आणि धान्य वर हलवायचे की नाही ते ठरवता येते.

टक्केवारीचाही एक सराव झाला. खडकवासला १०० टक्के आणि बाकी तिन्ही धरणे ५० टक्के भरली असतील, तर साखळी किती भरली? निम्म्याहून अधिक वर्गाने चार टक्केवाऱ्यांची सरासरी काढून ६२.५ हे उत्तर दिले. एकूण क्षमता २९.१५ टीएमसी आणि प्रत्यक्ष साठा १५.५६ टीएमसी, म्हणून उत्तर ५३.४ टक्के येते. या दोन उत्तरांमधले अंतर अडीच टीएमसीहून अधिक आहे, म्हणजे टेमघर धरणाच्या क्षमतेच्या सुमारे ७० टक्के. हा सराव पुढील वर्षीही याच जागी, पहिल्याच आठवड्यात ठेवावा.

१४ जुलै

शासकीय कागदपत्रांमधून माहिती काढण्याचे काम. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावरील अहवालाची पीडीएफ पडद्यावर शुद्ध मराठीत दिसत होती, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता तयार होत होता. सर्व लिप्यांसाठी युनिकोड ही सामाईक संगणकीय संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या टंकांत (फॉन्टमध्ये), म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी कुळातील टंकांत, मराठी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात. आकृती मराठी, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच. श्रीलिपी पुण्यातच घडली आणि प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅकही १९८८ पासून याच शहरात आहे, हे सांगितल्यावर मुलांना या अडचणीमागे केवढे काम आहे याची कल्पना आली. त्या टंकांनी मराठी छपाई संगणकावर आणली. त्यांचे ऋण मान्य करूनच त्यांच्या मर्यादा शिकवाव्या लागतात.

उपाय दोन केले. टंक ओळखता आला तर परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. नाही तर पान प्रतिमा म्हणून घेऊन टेसरॅक्ट किंवा गूगल लेन्सकडून वाचून घ्यायचे. दोन्ही वेळा आकडे मूळ पानाशी एकेक करून ताडायचे, कारण यंत्रवाचनात १ आणि ९ किंवा ५ आणि ६ यांची अदलाबदल होते आणि वाक्यातली चूक जशी डोळ्याला खुपते तशी आकड्यातली खुपत नाही. तक्त्यात आणखी एक अडसर आला: देवनागरी अंक मजकूर म्हणून बसतात आणि त्यांची बेरीज होत नाही. आधी शोधा-आणि-बदलाने ते रोमन अंकांत आणायचे, हिशेब करायचा आणि प्रसिद्ध करताना पुन्हा देवनागरीत न्यायचे.

शोधाचा प्रश्न स्वतंत्र तासाचा आहे, पण थोडक्यात नोंदवतो. ‘धरण’ शोधले की ‘धरणातून’ सापडते, मात्र ‘पुणे’ शोधून ‘पुण्यात’ सापडत नाही. म्हणून शब्दाचा न बदलणारा भागच शोधायला हवा. ‘ॲप’सारखा शब्द दोन प्रकारे टंकित होतो आणि दिसायला सारखा असूनही एकाच्या शोधात दुसरा येत नाही. ‘शेतकऱ्यांना’मधल्या अर्ध्या र चेही तसेच. मराठीत काम करणाऱ्या पत्रकाराला हे ठाऊक नसेल, तर ‘कागदपत्रांत उल्लेख नाही’ हे त्याचे विधान विश्वासार्ह राहत नाही. वहीत आता ‘कोणकोणत्या रूपांनी शोधले’ असा रकाना वाढवला आहे.

१८ जुलै

आज वर्गाच्या गटावरच सामग्री आली. ‘आत्ताचे दृश्य, भिडे पूल पाण्याखाली’ अशा ओळीसह एक छोटा व्हिडिओ दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या नातेवाइकांकडून मिळाला होता. ठरलेला पाठ सोडून तोच घेतला.

पहिली सूचना अशी होती की कोणतेही साधन उघडण्याआधी व्हिडिओ आवाज बंद करून पाहायचा आणि दिसणाऱ्या स्थिर वस्तूंची यादी करायची. पाणी, लोक आणि वाहने दर वर्षी सारखीच दिसतात. पूल, कठडे, इमारती आणि खांब यांच्यावरूनच जागा आणि काळ ठरतो. जागेबद्दल वाद उरला नाही. बाबा भिडे पुलाचा सखल पट्टा, वरच्या बाजूचा झेड ब्रिज आणि डेक्कनकडचा काठ ओळखू येत होता. काळाचा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या निरीक्षणाने सुटला: चौकटीत डेक्कनच्या बाजूला मेट्रोचा एकही खांब नव्हता. पुणे मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले, वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला आणि डेक्कन जिमखाना स्थानक ज्या टप्प्यावर आहे तो गरवारे ते रुबी हॉल हा टप्पा १ ऑगस्ट २०२३ रोजी. नदीपात्राच्या कडेने गेलेली ही मार्गिका आज त्या दिशेने पाहणाऱ्याला टाळता येत नाही.

दुसऱ्या एका विद्यार्थिनीने शंका घेतली की कॅमेऱ्याच्या कोनामुळे खांब चौकटीबाहेर राहिले असतील. शंका उत्तम होती आणि तिचे उत्तर वर्गात बसून मिळणार नव्हते. दुपारी तिघे जण प्रत्यक्ष जागेवर गेले, त्याच इमारतींच्या कडा एकमेकींशी जुळतील अशी जागा शोधून त्यांनी छायाचित्र घेतले, आणि खांब चौकटीच्या आतच येतात हे सिद्ध झाले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून वहीत जोडली आहेत. दरम्यान उरलेल्यांनी इनव्हिड या पडताळणी साधनाच्या साहाय्याने व्हिडिओतील मुख्य चौकटी वेगळ्या करून उलट प्रतिमाशोध केला, म्हणजे चित्रच शोधयंत्राला देऊन ते आधी कोठे आले आहे का ते पाहिले. नेमकी जुळणी सापडली नाही. येथे एक गोष्ट ठासून सांगावी लागली: प्रतिमा सापडली नाही म्हणजे ती नवी आहे असे नव्हे, शोधयंत्राने ती नोंदवलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

निष्कर्षाचे वाक्य लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘हा व्हिडिओ २०१९ चा आहे’ असे लिहिण्याचा मोह अनेकांना झाला, कारण त्या वर्षीचा पूर सर्वांना आठवतो. वहीत त्याला आधार नव्हता. अखेर असे ठरले: व्हिडिओ भिडे पुलाचा आहे, तो आत्ताचा नाही, मेट्रोचे खांब उभे राहण्यापूर्वीचा आहे, नेमके वर्ष निश्चित झालेले नाही. ही चार विधाने स्वतंत्रपणे मांडलेली वाचून मला मनापासून समाधान वाटले. बातमीतील निश्चितता पुराव्याच्या पुढे जाऊ न देणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि ते या मुलांनी एका दुपारी करून दाखवले.

२१ जुलै

अफवांचे परिणाम. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांची हत्या केली, त्या प्रसंगावर चर्चा झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच गप्पांपुरतीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणण्याचे जाहीर केले होते. पुराच्या काळातील ‘धरण फुटले’ हा संदेशही त्याच जातीचा आहे. १९६१ ची पानशेत धरणफुटी लोकांच्या स्मृतीत असलेल्या शहरात तो फार वेगाने पसरतो. म्हणून खंडनाच्या बातमीत मूळ खोटा मजकूर मथळ्यात पुन्हा छापायचा नाही, खरी स्थिती आधी लिहायची, असा संकेत वर्गाने स्वीकारला.

२५ जुलै

सिंहगड रस्ता परिसरात मुलाखती. २५ जुलै २०२४ रोजी एकतानगरी भागातील घरांत आणि सोसायट्यांत पाणी शिरले होते; त्यानंतर अनेक माध्यमांनी तेथे चित्रीकरण केले आणि प्रश्न विचारले. पुन्हा कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने काय वेगळे आणले, असा प्रश्न तेथील कोणीही विचारू शकतो, आणि तो विचारला गेला. म्हणून मुलांना आधीच सांगितले होते की पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहील.

संमतीचा मजकूर विद्यार्थ्यांनीच मराठीत लिहिला: आम्ही कोण, कोणत्या विभागातून आलो, हे कोठे प्रसिद्ध होईल, नाव आणि चेहरा दाखवायचा की नाही, आणि नंतर मत बदलले तर कोणाला कळवायचे. एका काकूंनी सगळे ऐकून घेतले, आवाज वापरायला होकार दिला आणि चेहरा दाखवायला नकार दिला. त्यांचे घर ओळखू येईल असे दाराचे चित्र विद्यार्थ्याने मोबाइलमधून त्यांच्यासमोरच काढून टाकले. लहान मुलांचे चित्रीकरण पालकांच्या होकाराशिवाय करायचे नाही, हे वेगळे सांगावे लागले नाही.

रहिवाशांकडे स्वतः काढलेले व्हिडिओ भरपूर आहेत आणि पुरावा म्हणून ते फार मोलाचे आहेत. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या चित्रात एक्सिफ माहिती, म्हणजे चित्र केव्हा आणि कोणत्या साधनाने घेतले याची नोंद, उरत नाही. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर उरते. तसे पाठवण्याची विनंती कशी करायची हे मुलांनी शिकून घेतले. प्रसिद्धीसाठी प्रत्येकाची लेखी परवानगी घेतली आहे आणि चित्रीकरण कोणाचे हे बातमीत लिहिले जाईल. कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ५२ चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी काही मुभा देते, तरी संकटात सापडलेल्या माणसाने स्वतःच्या गॅलरीतून घेतलेले दृश्य त्याला न विचारता घेणे मला मान्य नाही, आणि वर्गालाही ते पटले.

३० जुलै

ध्वनी आणि चित्रीकरण. नदीकाठी वारा मोठा असतो, म्हणून कॉलर माइकवर स्पंज आणि तोंडापासून माइकचे अंतर कायम. मोबाइल विमान मोडवर, भिंग पुसलेले, दृश्य सुरू होण्याआधी आणि संपल्यावर काही सेकंद जास्त चित्रीकरण. आडवे आणि उभे असे दोन्ही प्रकार लागतात. एकातून दुसरे कापून काढले की पुलाची लांबी किंवा पाण्याची उंची यांतले काहीतरी हरवते. संपादन मुलांना आधीपासून चांगले जमते, तेथे मी फार वेळ घेतला नाही.

५ ऑगस्ट

एका गटाने ‘दर लाख लोकसंख्येमागे’ असा तक्ता करून डेटारॅपरवर सुंदर आलेख काढला. आलेख थांबवला, कारण छेद कोणता हा प्रश्न होता. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली, २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची वगळली गेली, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. वर आजच्या हद्दीतील घटना आणि खाली जुन्या हद्दीतील माणसे अशी विभागणी केली की दर फुगतो. गटाने दर काढून टाकला, थेट संख्या दिल्या आणि हद्दीचा बदल आलेखाखाली एका वाक्यात लिहिला. आलेख साधा झाला. तो आता कोणालाही दाखवता येईल.

उपग्रह चित्रांचा प्रयत्नही आजच झाला. सेंटिनेल-२ ची चित्रे मोफत आहेत, पण पावसाळ्यात ढगांखाली काही दिसत नाही. ढगांतून पाहू शकणारे सेंटिनेल-१ चे रडारचित्र मुठेसारख्या अरुंद, पुलांनी आणि इमारतींनी वेढलेल्या पात्रासाठी वाचायला कठीण आहे. शहरातील पुरासाठी जमिनीवरची छायाचित्रे आणि पूररेषेचे नकाशे अधिक उपयोगाचे, असा निर्णय घेऊन पुढे गेलो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढे मात्र प्रत्येकाने पाठ केले आहे.

११ ऑगस्ट

माहितीच्या अधिकाराचे अर्ज. २००५ च्या कायद्यातील कलम ६(१) खाली अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तरासाठी ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या मर्यादेत हवा; ही मर्यादा नागरिकाला जाचक ठरते असे माझे मत आहे, तरी लेखनाच्या शिस्तीसाठी तिचा उपयोग झाला. पहिल्या मसुद्यांत ‘इशारा वेळेवर का दिला नाही’ असे प्रश्न होते. कायदा नोंदी मागण्याचा अधिकार देतो, कारणमीमांसा मागण्याचा नव्हे. सुधारलेला प्रश्न असा झाला: अमुक कालावधीत नदीकाठच्या रहिवाशांना दिलेल्या पूर्वसूचनांची दिनांक, वेळ आणि माध्यम दर्शवणाऱ्या नोंदींच्या प्रती. त्याआधी कलम ४(१)(ख) खाली कार्यालयाने स्वतःहून काय जाहीर केले आहे ते पाहणे बंधनकारक केले, कारण संकेतस्थळावर असलेली गोष्ट मागून महिना घालवण्यात अर्थ नाही.

२२ ऑगस्ट

१२ जुलै १९६१ च्या पुराच्या आठवणी आणि त्या आठवड्यातील वृत्तपत्रांच्या फायली एकत्र वाचल्या. ज्येष्ठांच्या आठवणींतील प्रत्येक विधानापुढे ‘स्वतः पाहिले’ किंवा ‘ऐकले’ असे लिहायचे होते. एका आजोबांच्या सांगण्यात दोन्ही इतके मिसळलेले होते की विद्यार्थिनी पुन्हा त्यांच्याकडे गेली आणि तिने ‘तेव्हा तुम्ही कोठे उभे होता?’ एवढेच विचारले. त्या प्रश्नाने मुलाखतीचा उत्तम भाग मिळाला. वृत्तपत्रांनाही तोच नियम लावला. छापलेले आहे म्हणून ते पाहिलेले ठरत नाही.

८ सप्टेंबर

गणेशोत्सवानंतर बातम्यांचे पहिले तीन संच विभागाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले. प्रत्येक बातमीखाली वहीचा सार्वजनिक भाग जोडला आहे. नाव न देण्याच्या अटीवर बोललेल्यांच्या ओळी अर्थातच वगळल्या आहेत. दुरुस्तीचे धोरणही तेथेच आहे: बदल केला तर दिनांक, आधी काय होते आणि आता काय आहे हे बातमीच्या सुरुवातीला लिहायचे, जुना मजकूर गुपचूप बदलायचा नाही. प्रत्येक पान प्रसिद्ध होताच वेबॅक मशीनवर जतन केले आहे, म्हणजे या धोरणाचे पालन आम्ही करतो का, हे बाहेरच्या कोणालाही तपासता येईल.

१५ सप्टेंबर

एका अर्जाला उत्तर आले. मागितलेली माहिती ‘संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ एवढेच त्यात आहे. संकलन आम्ही मागितलेच नव्हते, नोंदींच्या प्रती मागितल्या होत्या. त्यामुळे कलम १९(१) खाली प्रथम अपील करण्याचे गटाने ठरवले आहे. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे आणि अपिलावर २० रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक लावावे लागेल. अपिलात प्रतींसोबत अभिलेख पाहणीचीही मागणी असेल, कारण कलम २(ञ) मधील अधिकारात पाहणीचा समावेश आहे.

गुणांकनात वहीला निम्मे गुण, प्रसिद्ध बातमीला उरलेले, असा प्रस्ताव विभागाकडे दिला आहे. अपिलाचा निर्णय ३० ते ४५ दिवसांत अपेक्षित असला, तरी तोवर या वर्गाच्या परीक्षा जवळ आलेल्या असतील. म्हणून पहिल्या वर्षाच्या दोघींना आजच त्या वहीत संपादनाची परवानगी दिली असून अर्ज, पोचपावती आणि उत्तर यांच्या प्रती त्यांच्याकडे सोपवल्या आहेत. अपिलाचा मसुदा त्या शुक्रवारी दाखवणार आहेत.